होम थिएटरच्या वायरी : चित्राची वाट, आवाजाची वाट

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला मावशीकडे गेलो होतो. हॉलमध्ये त्रेचाळीस इंची फोर-के टीव्ही, खाली एचडी सेटटॉप बॉक्स. मावशी म्हणाली, "नवा टीव्ही घेतला तरी चित्र आपलं जुन्यासारखंच. बातम्यांची खालची पट्टी वाचता येत नाही. डोळे तपासून घ्यायला हवेत मला." टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढला, मोबाइलचा टॉर्च मारला, तर बॉक्समधून निघालेली पिवळी-पांढरी-लाल वायर टीव्हीत गेलेली. जुन्या बॉक्सची वायर तिथे होतीच, बसवायला आलेल्या माणसाने तीच नव्या बॉक्सला लावून दिली होती. एचडीएमआय वायर बॉक्सच्या खोक्यात, पिशवीत, वेटोळं न सोडलेली. ती लावली, रिमोटवर इनपुट बदललं. मावशी दिवाणावर बसल्या जागेवरून पट्टी मोठ्याने वाचायला लागली, कांद्याच्या भावापासून लोकलच्या मेगाब्लॉकपर्यंत. मग थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं मी एचडीचे जादा पैसे भरले ते कशाचे?"

तिच्या त्या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो. दुकानात वायरीच्या किमतीबद्दल भरपूर बोललं जातं, पण कोणत्या वायरीतून काय जातं हे सहसा कोणी सांगत नाही. खरं तर ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. कागद घ्या आणि दोन वाटा काढा. चित्र कुठून निघतं आणि कुठे पोचतं ही एक. आवाज कुठून निघतो आणि कुठे पोचतो ही दुसरी. गच्चीवरची टाकी कितीही भरलेली असो, मध्ये अर्ध्या इंची पाइप असेल तर बादलीत तेवढंच पाणी येतं. या दोन वाटांचंही तसंच आहे.

मावशीच्या वाटेत ती पिवळी वायर अरुंद होती. तिला कंपोझिट म्हणतात. रंग, उजेड, सगळं चित्र एकाच तारेत एकत्र करून ती पाठवते. रंगीत दूरदर्शन आपल्याकडे १९८२ साली आलं, त्या पाल नावाच्या जुन्या प्रसारण पद्धतीच्या चित्रासाठी ती पुरेशी होती. त्या चित्रात दिसणाऱ्या आडव्या रेषा ५७६. आकड्यांत मांडायचं तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे साधारण चार लाख पंधरा हजार ठिपके. एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, जवळपास त्र्याऐंशी लाख. मावशीच्या बॉक्समध्ये एचडी चित्र येत होतं, बॉक्स ते पिवळ्या वायरीसाठी पाचपट बारीक करत होता आणि टीव्ही तेच पुन्हा वीसपट ताणत होता. पट्टीवरची अक्षरं वाटेतच विरघळत होती. डोळ्यांचा यात काही दोष नव्हता.

तुमच्या घरीही आज टीव्हीच्या मागे एकदा बघा. बॉक्स एचडी असेल आणि पिवळी पिन लावलेली असेल, तर हा लेख इथेच ठेवून आधी ती बदलून या.

जुन्या जोडण्यांपैकी आणखी दोन नावं कानावर येतात. गोल, चार बारीक पिनांची एस-व्हिडिओ, आणि हिरवी-निळी-लाल अशी तीन तारांची कंपोनंट. कंपोनंटमधून एचडीसुद्धा नीट जातं, आणि एखाद्या जुन्या डीव्हीडी प्लेअरसाठी ती आजही चांगली. फक्त तिच्यातल्या लाल पिनेचा आणि आवाजाच्या लाल पिनेचा घोळ करू नका. दोन्ही दिसायला सारख्याच असतात, एक चित्राची आणि दुसरी उजव्या बाजूच्या आवाजाची. या गोल पिनांना आरसीए म्हणतात, ते रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचं नाव. १९३० च्या दशकातली ही पिन अजून वापरात आहे आणि लेखात पुढे सबवूफरपाशी, म्हणजे खोल, घुमणाऱ्या आवाजाच्या स्पीकरपाशी, पुन्हा भेटेल.

एचडीएमआयच्या आत काय चालतं

एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये आला. सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक, तोशिबा, हिताची अशा कंपन्यांनी एकत्र येऊन तो केला. एकाच चपट्या पिनेत १९ संपर्क. त्यातल्या मुख्य जोड्यांमधून चित्र आकड्यांच्या रूपात धावतं, बाकीच्यांतून दोन यंत्रांची आपसातली बोलणी चालतात: तू कोण, तुला किती मोठं चित्र झेपतं, कोणत्या प्रकारचा आवाज चालतो. आवाजासाठी वेगळी तार नाही. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये एक ओळ काढून झाली की इलेक्ट्रॉनचा झोत परत डावीकडे यायला थोडा वेळ घ्यायचा. ट्यूब गेली, पण दोन ओळींमधली ती रिकामी जागा सिग्नलमध्ये राहिली. एचडीएमआय त्या फटींमध्ये आवाजाचे आकडे भरून पाठवतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा फार आवडली होती.

आता वेग. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं, तर प्रत्येक ठिपक्याचा रंग, त्या रिकाम्या फटी आणि चुका टाळण्यासाठी लागणारे जादा आकडे धरून सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट होतात (एक गिगाबिट म्हणजे शून्य-एकचे शंभर कोटी आकडे). साध्या एचडीला साडेचारच्या आसपास पुरतात. म्हणून २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीची मर्यादा १८ गिगाबिट ठेवली गेली आणि २०१७ च्या २.१ मध्ये ती ४८ वर नेली, ज्यात फोर-के सेकंदाला १२० वेळा जातं. हे १२० प्रकरण मुख्यतः गेमवाल्यांसाठी. सिनेमे बहुतेक सेकंदाला २४ चित्रांचे असतात, मालिका आणि क्रिकेटलाही ६० च्या वर लागत नाही.

इथे दुकानातली सगळ्यात मोठी गफलत येते. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, "२.१ केबल". आवृत्तीचा आकडा यंत्राचा असतो, वायरीचा नसतो, आणि एचडीएमआयच्या नियमांप्रमाणे तो वायरीवर छापायचा नाही. वायरीची ओळख वेगाच्या वर्गाने होते. 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८ गिगाबिटची खात्री, 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८ ची. या दोन्ही वर्गांच्या खऱ्या वायरीच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं आणि ते एचडीएमआयच्या ॲपने तपासता येतं. साध्या घरासाठी, टीव्हीपासून दोन मीटरच्या आत सगळं असेल तर, प्रीमियम हाय स्पीड पुरते. आज नवीनच घेणार असाल तर अल्ट्रा घ्या, कारण एवढ्याशा लांबीत किमतीचा फरक फारसा नसतो.

महागड्या वायरीने रंग खुलतात का? नाही. आकडे पोचले तर पूर्ण पोचतात, त्यात 'जास्त काळा काळा' किंवा 'जास्त गोड आवाज' अशी पायरी नसते. वायर कमी पडली तर ते लपत नाही: पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर काळं होऊन परत येतं, आवाज तुटतो. यातलं काही होत नसेल तर तुमची वायर तिचं काम पूर्ण करत आहे आणि तिच्या जागी दहापट किमतीची आणून काहीही बदलणार नाही. सोन्याचा मुलामा पिनेला गंज लागू देत नाही, कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याचा थोडा उपयोग आहे, चित्राशी त्याचा संबंध नाही.

वायर बदलूनही फोर-के चित्र फिकट वाटत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. अनेक टीव्ही दुकानातून येताना एचडीएमआयचा पूर्ण वेग बंद ठेवून येतात. सॅमसंगमध्ये त्याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये 'एनहान्स्ड फॉरमॅट'. ज्या पोर्टला यंत्र लावलंय त्या पोर्टसाठी ते चालू करा.

लांबीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. तांब्याच्या वायरीत वेग जितका जास्त तितकं अंतर कमी. ४८ गिगाबिटला तीन ते पाच मीटरच्या पुढे साध्या तांब्याचा भरवसा धरता येत नाही, १८ ला सात-आठ मीटरपर्यंत जमतं. प्रोजेक्टर छताला लावायचा असेल आणि वायर कपाटामागून, वर, छताखालून फिरवत न्यायची असेल, तर बारा-पंधरा मीटर सहज होतात. अंतर दोरीने मोजा, तेही खऱ्या वाटेने. सरळ रेषेत मोजलेले सात मीटर भिंतीच्या कडेने जाताना बारा होतात. एवढ्या अंतराला ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांत छोटे चिप असतात, मधलं अंतर प्रकाश धावतो. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर पडदा काळाच राहतो. भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा. एकदा पीओपीच्या मागे गेली की मग तोडफोडच.

आवाजाची वाट

माझ्या बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. घरी टीव्हीसोबत ५.१ चा संच आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. गेलं वर्षभर त्यांची तक्रार होती की गाणी कानात आदळतात आणि माणसं मात्र पुटपुटतात. दर पाच मिनिटांनी रिमोट: संवादाला आवाज वाढव, गाण्याला कमी कर. कान कमी झालेत, मशीन घ्यावं लागेल, असं ते स्वतःच म्हणायला लागले होते. एका रविवारी सिनेमा चालू असताना मी टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरला कान लावला. पूर्ण शांत. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः याच मधल्या स्पीकरमधून येतात, आणि आमच्याकडे तोच गप्प होता.

दोष एका सेटिंगचा होता. टीव्हीत 'डिजिटल ऑडिओ आउट' पीसीएमवर होतं, म्हणजे टीव्ही आवाज आधी स्वतः उलगडून मग पुढे पाठवत होता. आमचा टीव्ही संचाला ऑप्टिकल वायरीने जोडलेला, आणि ऑप्टिकलमधून पीसीएम गेलं की डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात. सहा वाटांचा आवाज टीव्हीच्या आतच दोन वाटांत कोंबला जात होता, संवाद संगीताच्या खाली दबत होते. ते बदलून 'बिटस्ट्रीम' केलं, म्हणजे आवाज आला तसाच पुढे, काही टीव्हींत त्याला 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' म्हणतात. संचाच्या पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल' अशी अक्षरं उमटली आणि मधला स्पीकर बोलायला लागला. बाबांनी आवाज चार घरांनी कमी केला आणि सिनेमा संपेपर्यंत रिमोटला हात लावला नाही. मावशीने डोळ्यांना दोष दिला होता, बाबांनी कानांना. वयस्कर माणसं यंत्राआधी स्वतःवर संशय घेतात, हे बघून मला वाईट वाटतं. घरातल्या तरुणांनी टीव्हीच्या मागे वाकून बघायला हवं.

आवाज टीव्हीतून बाहेर न्यायच्या आज तीन मुख्य वाटा आहेत.

ऑप्टिकल ही जुनी आणि भरवशाची. तोशिबाने १९८३ मध्ये आणली म्हणून तिला टॉसलिंक असंही म्हणतात. प्लास्टिकच्या बारीक तंतूतून लाल प्रकाश जातो, टोकाकडे बघितलं तर लुकलुकता ठिपका दिसतो. दोन वाटांचा पूर्ण आवाज किंवा दाबून लहान केलेला ५.१, एवढीच तिची क्षमता. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज येतो असं भासवणारी पद्धत, तिच्यातून जात नाही. तिचा मोठा गुण असा की दोन यंत्रांमध्ये विजेचा धागा राहत नाही, त्यामुळे घूं असा आवाज एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत नाही. ती घडी घालून दुमडू नये. आणि नवी वायर आणली की दोन्ही टोकांवरची इवलीशी पारदर्शक टोपणं काढा. ती न काढल्यामुळे पिन बसतच नाही आणि लोक वायर खराब म्हणून परत करतात.

दुसरी एआरसी, ऑडिओ रिटर्न चॅनल, २००९ च्या १.४ आवृत्तीपासून. एचडीएमआयमधून चित्र टीव्हीकडे येतं, त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंडबारकडे (टीव्हीखालच्या लांबट स्पीकरकडे) किंवा रिसीव्हरकडे (सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन स्पीकरना देणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) जातो. टीव्हीच्या आतल्या ॲपवर सिनेमा बघताना हीच वाट लागते. टीव्हीच्या तीन-चार पोर्टांपैकी सहसा एकालाच ही सोय असते आणि त्याच्या शेजारी 'एआरसी' छापलेलं असतं. साउंडबार त्याच पोर्टला लावावा लागतो. एआरसीसोबत सीईसी येतं, ज्यामुळे टीव्हीच्याच रिमोटवर साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. सॅमसंग त्याला ॲनिनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. घरात आजी-आजोबा असतील तर केवळ या एका कारणासाठी मी ऑप्टिकलऐवजी एआरसी निवडेन. तीन रिमोट सांभाळणं ही त्यांना रोजची शिक्षा असते.

तिसरी ई-एआरसी, २.१ आवृत्तीसोबत आलेली, तीच पिन आणि कितीतरी रुंद वाट. ब्लू-रेमधला न दाबलेला आवाज, आठ वाटांचा, तिच्यातून तसाच जातो. ओठ आणि आवाज यांचा मेळ यंत्रं आपसात बोलून स्वतःच बसवतात. तुम्हाला ती लागेल का? नेटफ्लिक्ससारख्या सेवांवरचा ॲटमॉस 'डॉल्बी डिजिटल प्लस' या दाबलेल्या रूपात येतो आणि तो बऱ्याच टीव्हींच्या साध्या एआरसीतूनही जातो. ब्लू-रे डिस्कवरचा ॲटमॉस 'ट्रू-एचडी' या आवाजाच्याच दुसऱ्या रूपात असतो, तो एआरसीत मावत नाही. डिस्क न बघणाऱ्या घराने ई-एआरसीसाठी चालू टीव्ही बदलायची काही गरज नाही.

मग प्लेअर, गेम आणि बॉक्स आधी कुठे लावायचे, टीव्हीत की रिसीव्हरमध्ये? रिसीव्हर नवा असेल तर सगळं रिसीव्हरमध्ये लावा आणि तिथून एकच वायर टीव्हीकडे न्या. असं केलं की आवाजाला टीव्हीच्या पोटातून जावं लागत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण बरेच टीव्ही बाहेरून आलेला ५.१ आवाज पुढे सोडताना दोन वाटांचा करून टाकतात आणि काही तर डीटीएस या डॉल्बीसारख्याच दुसऱ्या पद्धतीचा आवाज पुढे जाऊच देत नाहीत. रिसीव्हर दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर उलट करा. फोर-केच्या नकलेला आळा घालणारं एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं, ते साखळीतल्या प्रत्येक यंत्राला उघडता यावं लागतं. जुन्या रिसीव्हरला ते येत नाही, मग चित्र एचडीवर उतरतं किंवा पडदा काळा होतो. अशा वेळी चित्र सरळ टीव्हीत द्या आणि आवाज ऑप्टिकलने किंवा एआरसीने रिसीव्हरकडे आणा. चांगला चालणारा जुना ॲम्प्लिफायर भंगारात घालायचं कारण नाही.

स्पीकरची वायर आणि जाण्या-येण्याचं गणित

पैसे कुठे घालायचे असतील तर इथे थोडे घाला, कारण स्पीकरच्या वायरीत जाडीचा खरोखर परिणाम होतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत वीज धावते आणि वायर तिला अडवते. अडवणूक ओहममध्ये मोजतात. वायरीची अडवणूक स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायची, असा एक चांगला अंदाज आहे. आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम, सहाच्या स्पीकरला ०.३.

आता मागचा स्पीकर बघू. वायर दाराच्या चौकटीवरून फिरून गेली की दहा मीटर. जाणं आणि येणं धरून वीस मीटर तांबं. इलेक्ट्रिशियन ज्याला दीड एमएमची वायर म्हणतात, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर, तिची अडवणूक वीस मीटरला साधारण पाव ओहम. बसली. एक एमएम घेतली तर ०.४ च्या जवळ जाते, आठला काठावर पास, सहाला नापास. संचासोबत खोक्यात येते ती दोऱ्यासारखी वायर याहून बारीक असते. समोरच्या स्पीकरना ती तीन मीटरमध्ये चालून जाते, मागच्यांना नको. एका बाजूची लांबी बारा-पंधरा मीटरच्या पुढे गेली तरच अडीच एमएमचा विचार करा.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात भरपूर आहे, दिसायला तीच आणि तेवढीच अडवणूक ठेवायची तर जाडी बरीच वाढवावी लागणारी. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम. हातात वजनालाही ती हलकी लागते.

लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही बाजूंना. एका स्पीकरचं उलटं झालं तर संगीत थांबत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, ढोलकीचा दणका दोघांमध्ये मरून जातो आणि गाणाऱ्याचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. वायरीवर खूण नसेल तर ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवा आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल त्यांना क्षणभर लावा. 'अधिक' टोक लालकडे जात असेल तर वूफरचा कागद 'टक्' करून बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. सेल धरून ठेवायचा नाही, नुसता स्पर्श.

सबवूफरला सहसा स्पीकरची वायर लागत नाही. त्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्याला रिसीव्हरकडून एकच आरसीए वायर जाते, ती जाळीदार आवरणाची असावी. ५.१ मधला 'पॉइंट वन' तो हाच. त्याला विजेचा पॉइंट मात्र हवा, आणि हा पॉइंट नव्या घरात हमखास विसरला जातो.

घूं, आणि भिंतीतला पाइप

सगळं जोडून झालं आणि स्पीकरमधून सतत घूं येत असेल तर तो ५० हर्ट्झचा आवाज आहे, आपल्या घरच्या विजेचा. बऱ्याचदा तो केबल टीव्हीच्या जाड काळ्या वायरीतून शिरतो, कारण तिची अर्थिंग इमारतीच्या जिन्यातल्या पेटीशी जोडलेली असते आणि तुमच्या संचाची घरातल्या बोर्डाशी. दोन अर्थिंगमध्ये थोडा फरक असला की तो वायरीतून वाहायला लागतो. केबल टीव्हीची पिन काढून बघा, घूं थांबला तर चोर सापडला. त्या वायरीतला हा प्रवाह अडवणारा आयसोलेटर मिळतो, तो मध्ये घाला. टीव्ही, बॉक्स आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. टीव्हीपासून आवाजाची वायर ऑप्टिकल करून बघा. पण प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून किंवा टेप लावून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. घूं जातो, आणि उद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती तुमच्या हातातून जमिनीत जाते.

घराचं काम चालू असलेल्यांसाठी शेवटची गोष्ट. इलेक्ट्रिशियन टीव्हीच्या मागे नेहमीचा २० किंवा २५ मिलिमीटरचा पाइप टाकतात. एचडीएमआयच्या पिनेचं प्लास्टिकचं डोकं जवळपास २० मिलिमीटर रुंद असतं. विसाच्या पाइपात ते जातच नाही, पंचविसात सरळ भागातून कसंबसं जातं आणि पहिल्या एल्बोला अडकतं. टीव्हीच्या जागेपासून खालच्या कपाटापर्यंत, आणि प्रोजेक्टर असेल तर छतापर्यंत, दीड ते दोन इंची पाइप टाकायला सांगा, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळण देऊन. विजेच्या वायरी त्या पाइपात घालू द्यायच्या नाहीत, त्यांचा पाइप वेगळा. सोफ्याच्या मागे दोन्ही कोपऱ्यांपर्यंत स्पीकरच्या वायरीसाठी साधा पंचवीसचा पाइप पुरे.

२०२५ मध्ये एचडीएमआयची २.२ आवृत्ती जाहीर झाली, मर्यादा ९६ गिगाबिट, आणि तिच्यासाठी वायर पुन्हा नवी. म्हणून आज भिंतीत घातलेली कोणतीही वायर कायमची धरू नका. पाइप बुजवण्याआधी त्यात नायलॉनची दोरी आरपार ओवा, दोन्ही टोकांना गाठ मारून बॉक्समध्ये अडकवून ठेवा. नवी वायर ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही आत जाऊ द्या.